ब्रेमनच्या आजींचं ‘केअर पाकेट’ आणि आमच्या आजीची सुकडी: दोन्ही एकाच संस्थेकडून आलं का?

वेझरकाठची

मंडळी, प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतला आहे, पण त्याचं एक टोक आपल्या मराठवाड्यापर्यंत येतं असं मला वाटतं, म्हणून इथे विचारते.

मी परंडा तालुक्यातली. सध्या ब्रेमनमध्ये वृद्धांच्या निवासात परिचारिका आहे. आमच्या मजल्यावर १९४० साली जन्मलेल्या एक आजी आहेत. नाव लिहीत नाही. सकाळी न्याहारीला काय होतं ते त्यांना दुपारी आठवत नाही, पण सहा-सात वर्षांच्या असताना घरी आलेल्या एका खोक्यात काय काय होतं ते त्या अजून एका दमात सांगतात. डब्यातलं गोमांस, मार्जरीन, डुकराची चरबी, मध, बेदाणे, चॉकलेट, साखर, अंड्याची पूड, दुधाची पूड आणि कॉफी. त्या खोक्याला त्या ‘केअर पाकेट’ म्हणतात. दुधाची पूड त्यांनी आणि धाकट्या भावाने पाण्यात न कालवता तशीच चमच्याने खाल्ली, ती टाळ्याला चिकटून बसली. कॉफी मात्र घरात एकदाही उकळली नाही. आई ती पिशवीत घालून तॉयफेल्समोअरकडे गेली (ब्रेमनच्या ईशान्येचा दलदलीचा भाग) आणि एका शेतकऱ्याकडून बटाटे आणि जळणासाठी पीट घेऊन आली. वडील तेव्हा रशियात युद्धकैदी होते.

शाळेतलं वेगळं. तिथे बिस्किटांचं गोड सूप मिळायचं, त्यासाठी दप्तराला पत्र्याचा डबा बांधलेला असायचा.

आता खरा प्रश्न. शेजारच्या घरात तीन मुलं होती, त्यांना खोकं कधीच आलं नाही. ‘आम्हाला आलं आणि त्यांना का नाही?’ हे आजी मला पुन्हा पुन्हा विचारतात. आईने त्यांना त्यातलं काही दिलं होतं का, हे त्यांना आठवत नाही, आणि ते आठवत नाही म्हणून त्या रात्री अस्वस्थ होतात. मला त्यांना काहीतरी खरं सांगायचंय, नुसती समजूत काढायची नाही. हे खोकं कोण पाठवायचं? अमेरिकेचं सरकार की लष्कर? कोणाला द्यायचं हे कोण ठरवायचं?

आणि दुसरं. माझी आजी ७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. तिथे मिळायची ती ‘केअरची सुकडी’ असं ती म्हणायची. ही तीच केअर का?

निवृत्त पुरवठा निरीक्षक

ताई, मी पुरवठा खात्यात होतो. आधी तहसिलीत कारकून, मग निरीक्षक, शेवटी गोदामं. धान्य बंदरावर उतरल्यापासून माणसाच्या ताटात पडेपर्यंत मध्ये काय काय घडतं हे बघण्यात नोकरी गेली. त्यामुळे युद्धानंतरच्या युरोपातलं अन्नवाटप हा निवृत्तीनंतर माझ्या वाचनाचा विषय झाला. तुम्ही फार चांगला प्रश्न विचारलात. सविस्तर लिहितो.

आजींचं खोकं सरकारने पाठवलेलं नव्हतं, लष्करानेही नाही. २७ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेतल्या २२ संस्थांनी एकत्र येऊन केअर स्थापन केली. त्यात चर्चच्या संस्था होत्या, ज्यू मदतसंस्था होत्या, कामगार संघटना आणि सहकारी संस्थाही होत्या. रीत साधी होती. अमेरिकेतल्या माणसाने आधी १५ आणि लवकरच १० डॉलर भरायचे आणि युरोपातल्या एका माणसाचं नाव-पत्ता द्यायचा. बाकी सगळं केअर करणार. सुरुवातीची खोकी म्हणजे अमेरिकन लष्कराकडे उरलेला शिधा होता. दहा सैनिकांना एक दिवस पुरेल असं एकेक खोकं, अशी सुमारे २८ लाख खोकी केअरने घेतली. पहिली खोकी ११ मे १९४६ ला फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली. जर्मनी सुरुवातीला यादीत नव्हता. हरलेल्या शत्रूला खासगी मदत पाठवायला अमेरिकेत बंदी होती, ती १९४६ च्या मध्याला उठली आणि मग ब्रेमरहाफेनला माल उतरू लागला. लष्करी साठा संपत आल्यावर केअरने स्वतःचं खोकं भरायला घेतलं. आजी जे सांगतात ते हे दुसरं खोकं असावं. मध, बेदाणे, दोन पौंड दूधपूड, आठ औंस अंड्याची पूड, दोन पौंड कॉफी, एक पौंड चॉकलेट, हे त्याचंच वर्णन आहे. त्यांची स्मरणशक्ती या बाबतीत शाबूत आहे, हे त्यांना जरूर सांगा.

‘कोणाला द्यायचं हे कोण ठरवायचं?’ याचं उत्तर: पैसे भरणारा. शेजाऱ्यांना खोकं का आलं नाही, याचं कारण बहुधा इतकंच, की अमेरिकेत त्यांचं कोणी नव्हतं, किंवा होतं त्याच्याकडे त्यांचा पत्ता नव्हता. ब्रेमन परिसरात नातेवाईक असणारे पुष्कळ होते, कारण एकोणिसाव्या शतकापासून ७० लाखांहून अधिक माणसं ब्रेमरहाफेनमधूनच जहाजात बसून अमेरिकेला गेली. ज्या धक्क्यांवरून कोणाचे चुलते-मामा गेले, त्याच बंदरात त्यांनी पाठवलेली खोकी उतरली. पण त्याच गल्लीत पूर्वेकडून निर्वासित होऊन आलेली किंवा बॉम्बहल्ल्यात घर गेलेली, पत्ताच नसलेली कुटुंबंही होती. भूक दोन्ही घरांत सारखीच होती.

यात आजींच्या आईचा काहीही दोष नाही. हे मी दिलासा म्हणून लिहीत नाही, आकड्यांवरून लिहितो. युद्धानंतर विजेत्या देशांनी जर्मनी आपापल्या विभागांत वाटून घेतला होता. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश विभागातला शिधा माणशी दिवसाला सुमारे १००० उष्मांकांपर्यंत खाली आला होता. अमेरिकन विभागात (ब्रेमन आणि ब्रेमरहाफेन ब्रिटिश विभागाच्या मधोमध असूनही बंदरासाठी अमेरिकनांकडे होतं) थोडा अधिक, पण तोही जगण्यापुरताच. कार्डावर लिहिलेलं प्रत्यक्ष दुकानात मिळेलच असंही नाही. पहिल्या लष्करी खोक्यात साधारण ४०,००० उष्मांक असत, नंतरचंही त्याच अंगाचं होतं. चार माणसांच्या घराचा शिधा दिवसाला ४००० धरला, तर ते खोकं म्हणजे दहा दिवसांचा जादा शिधा. फक्त दहा दिवसांचा! आणि १९४६-४७ चा तो हिवाळा किती लांबला ते पाहा. वेझर नदी गोठली, आणि १८ मार्च १९४७ ला बर्फाच्या लाद्या पुरासोबत येऊन ब्रेमनचे पूल मोडून गेले. अशा वेळी दोन मुलांच्या आईने चरबीचा डबा कपाटात लपवून ठेवला असेल, तर तिने बरोबरच केलं. आणि शेजाऱ्यांना दिला असेल, तर ती फार मोठी बाई.

कॉफी विकली, यातही लाज वाटण्यासारखं काही नाही. चलनाला किंमत उरली नव्हती. काळ्या बाजारात एका अमेरिकन सिगरेटला पाच-सहा मार्क मोजावे लागत. शहरातले लोक चादरी, घड्याळं, चांदीचे चमचे घेऊन खेड्यांत बटाट्यांसाठी फिरत. कोलोनचे आर्चबिशप योझेफ फ्रिंग्स यांनी ३१ डिसेंबर १९४६ च्या प्रवचनात जाहीर सांगितलं, की कामाने किंवा मागून जे मिळत नाही, पण जगायला आणि तब्येत राखायला लागतंच, ते माणसाने घेतलं तर चालेल. त्यानंतर थांबलेल्या गाड्यांमधून कोळसा उचलण्याला लोक त्यांच्याच नावाने ओळखू लागले. तिथे दोन पौंड कॉफी म्हणजे घरात आलेली रोकड होती. मला तर वाटतं, केअरने कॉफी घातली ती त्यातल्या सगळ्यात उपयोगी गोष्टींपैकी एक होती, कारण तिचं काय करायचं हे त्या घरातल्या बाईने ठरवलं.

मी पुरवठ्याचा माणूस असल्यामुळे मला सगळ्यात भावलेली गोष्ट दुसरीच आहे. पोच. खोकं हाती पडलं की घेणाऱ्याने पावतीवर सही करायची आणि ती पावती अमेरिकेत पैसे भरणाऱ्याकडे परत जायची. चार महिन्यांत माल पोचला नाही तर पैसे परत. शिवाय ज्या ज्या देशात खोकी गेली तिथल्या अधिकाऱ्यांशी केअरने करार केले: जकात नाही, आणि खोकं मिळालं म्हणून त्या घराचा शिधा कापायचा नाही. ही शेवटची अट कोणी घातली असेल त्याला माझा नमस्कार. आमच्याकडे बाहेरून मदत आली की वरून पहिला प्रश्न यायचा, ‘मग या महिन्याचं नियतन (ठरलेला धान्याचा वाटा) किती कमी करायचं?’ आणि जे माणसाच्या हातात वाढायला हवं ते फक्त कागदावर इकडून तिकडे जायचं.

आता शाळेतलं बिस्किटांचं सूप. ते केअरचं नव्हे. ते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या शिफारशीवरून सुरू झालं. फेब्रुवारी १९४७ मध्ये ते जर्मनी-ऑस्ट्रियाची पाहणी करून गेले, आणि १४ एप्रिल १९४७ पासून ब्रिटिश-अमेरिकन विभागांत शाळेतला आहार सुरू झाला. सुमारे ३५ लाख मुलांना रोज ३५० उष्मांकांचं एक जेवण, तेही शिध्याच्या वर. डॉक्टर मुलांना तपासून कोणाला द्यायचं ते ठरवत. त्याआधी स्वीडनच्या रेडक्रॉसने हॅम्बुर्गमध्ये आणि रुरच्या शहरांत लहान मुलांना सूप द्यायला सुरुवात केली होती. आजींच्या शेजारची ती तीन मुलं शाळेत जात असतील तर त्यांच्या डब्यातही ते सूप पडलं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. तिथे नातेवाईक असण्याची अट नव्हती. मुलगा हडकलेला आहे एवढंच पुरेसं होतं. मला विचाराल तर न्याय त्या पातेल्यात अधिक होता. खोकं लोकांच्या लक्षात जास्त राहिलं, कारण त्यावर पाठवणाऱ्याचं नाव होतं आणि आत चॉकलेट होतं.

या दोन्हींखाली एक तिसरी गोष्ट होती, जिची आठवण कोणी प्रेमाने काढत नाही: जहाजं भरभरून आलेला गहू आणि मका. १९६० पर्यंत पश्चिम जर्मनीत सुमारे एक कोटी केअर खोकी गेली. ऐकायला प्रचंड वाटतं, पण पाच कोटी लोकसंख्येत ती पाच माणसांमागे एक झाली, आणि तीही चौदा वर्षांत मिळून. देश जगला तो कार्डावरच्या पावाने, आणि तो पाव अमेरिकन-ब्रिटिश सरकारांनी आणलेल्या धान्याचा होता. त्यात मका मिसळल्यामुळे तो पिवळा पडायचा आणि लोक वैतागायचे. ‘आम्हाला कोंबड्यांचं खाद्य देतात आणि वर त्याचे पैसे लावतात,’ अशा अर्थाचं भाषण जानेवारी १९४८ मध्ये योहानेस झेमलर या अर्थविभागाच्या प्रमुखाने केलं. लष्करी प्रशासनाने त्यांना काढून टाकलं, आणि त्यांच्या जागी पुढे लुडविग एअरहार्ड आले, तेच नंतरचे चॅन्सेलर. आपल्याकडे लाल मिलो आली तेव्हा ‘जनावरांची ज्वारी’ म्हणून जे शब्द गावोगाव ऐकले, ते मला हे वाचताना आठवले. उपाशी माणसाने धान्याच्या रंगावरून तक्रार करू नये असं म्हणणारे लोक मला कधी पटले नाहीत. ताटात काय पडतं ते बघायचा त्यालाही हक्क आहे.

झेमलरांच्या बोलण्यात एक तथ्य होतं. ते धान्य फुकट नव्हतं, खात्यावर लिहिलेलं होतं. १९५३ च्या लंडन करारात त्यातला मोठा भाग माफ झाला आणि उरलेला पश्चिम जर्मनीने फेडला. म्हणजे पाव उधारीचा होता. खोकं मात्र निखळ दान होतं.

सुकडीबद्दल: हो, संस्था तीच. केअरचं भारतातलं काम १९५० च्या सुमारास सुरू झालं. पण ७२ पर्यंत पद्धत पार बदलली होती, त्याबद्दल इथले दुसरे कोणी अधिक सांगतील.

टेम्सपारचा

काका, उत्तम लिहिलंत. ब्रिटनची बाजू जोडतो, कारण ती अनेकांना माहीत नसते.

जिंकलेल्या देशातही खायला नव्हतं. युद्धभर पावावर रेशन नव्हतं, ते जुलै १९४६ मध्ये लागलं आणि जुलै १९४८ पर्यंत राहिलं. जिंकल्यावर पाव मोजून घ्यायची वेळ आली, याचा राग लोकांच्या मनात फार होता. कारणांपैकी एक हेच, की ब्रिटिश विभागातल्या जर्मनांना गहू द्यावा लागत होता. मांसावरचं रेशन उठायला १९५४ चा जुलै उजाडला.

या काळात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथून खोकी यायची. केअरचीही यायची. १९४७ च्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड सरकारने आहेर म्हणून डबाबंद अननसाच्या ५०० पेट्या पाठवल्या. आलेलं अन्न विधवा आणि पेन्शनरांमध्ये वाटलं गेलं. आमच्या रस्त्यावर नव्वदीच्या घरातले एक गृहस्थ आहेत. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या खोक्यातला डबाबंद फळांचा केक आईने नाताळपर्यंत पलंगाखाली ठेवला आणि रोज रात्री तो जागेवर आहे ना हे तो आणि त्याची बहीण हात घालून बघत, एवढं सांगून ते थांबतात. पाठवणाऱ्या बाईंना त्यांची आई पुढे कित्येक वर्षं पत्र लिहीत होती. भेट कधीच झाली नाही.

आणि एक माणूस जरूर सांगायला हवा: व्हिक्टर गोलांझ. लंडनचे प्रकाशक, स्वतः ज्यू. त्यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये ‘सेव्ह युरोप नाऊ’ मोहीम काढली. माझ्या शिध्यातला थोडा भाग जर्मनीतल्या उपाशी माणसांना द्यायला मी तयार आहे, असं पोस्टकार्ड लिहून पाठवा, असं आवाहन केलं. हजारोंनी कार्डं आली. सरकार बराच काळ परवानगी देईना, शेवटी १९४६ च्या अखेरीस जर्मनीत खोकी पाठवायला मोकळीक मिळाली. ज्या लोकांवर पाच वर्षं बॉम्ब पडले आणि ज्यांना स्वतःला लोणी मोजून मिळत होतं, त्यांनी हे केलं. मला या माणसाबद्दल अतीव आदर आहे.

भीमथडी

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मनात काहीतरी सलतंय, ते लिहितोच. १९४३ मध्ये बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसं मेली. कॅनडाने गहू देऊ केला होता, तो जहाजं नाहीत म्हणून आणला गेला नाही. तिथे कोणाच्या नावाने खोकं आलं? ज्या जर्मनीने लेनिनग्राड उपाशी मारलं, ग्रीसचं धान्य ओढून नेलं, हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात लोकांना ट्यूलिपचे कंद खायची पाळी आणली, त्या जर्मनीत बेदाणे आणि चॉकलेट? आजींबद्दल माझ्या मनात काही नाही, त्या तेव्हा लहान होत्या. पण आपण भारतीयांनी हा इतिहास वाचताना भारावून का जायचं?

निवृत्त पुरवठा निरीक्षक

भीमथडीकर, तुमचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. उलट त्यात भर घालतो. युद्धग्रस्त देशांना मदत करायला नोव्हेंबर १९४३ मध्ये उनरा ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच महिन्यांत कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती. बंगाल शत्रूच्या ताब्यातून सोडवलेला प्रदेश नाही, म्हणून तो उनराच्या कक्षेत बसला नाही. आणि उनराच्या वहीत भारत घेणाऱ्यांच्या नव्हे तर देणाऱ्यांच्या रकान्यात होता! मी आयुष्यभर रकाने भरले आहेत. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

१९४६ मध्येही परिस्थिती नाजूक होती. आदल्या वर्षी पाऊस गेला होता, मुंबई इलाख्याचा दख्खन आणि म्हैसूरकडचा भाग कोरडा पडला होता. माणशी शिधा १२ औंसांवर, म्हणजे दिवसाला जेमतेम ३४० ग्रॅम धान्यावर आला होता. वर लिहिलेले तेच हूवर त्या एप्रिलमध्ये जगाचा दौरा करताना भारतातही येऊन गेले. जगात गहू मोजका होता आणि जर्मनी, जपान, ब्रिटन, भारत एकाच गोदामाकडे बघत होते. एकाला दिला तर दुसऱ्याचा कमी होणार, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

तरी एक सांगतो. केअरची पहिली खोकी फ्रान्समध्ये उतरली. हॉलंड, ग्रीस, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया इथेही गेली. जर्मनीचं नाव उशिरा आलं. आणि जर्मनीला पाठवणाऱ्यांना मागचं काही माहीत नव्हतं असं नाही. केअरच्या संस्थापकांमध्ये ज्यू संस्था होत्या, ज्यांच्या माणसांचं काय झालं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. मी भारावलो असेन तर त्यांच्यामुळे. बंगालचा जाब वेगळ्या लोकांना विचारायचा आहे, आणि तो विचारलाच पाहिजे. तो मिलवॉकीतल्या किंवा शिकागोतल्या कामगाराने भरलेल्या दहा डॉलरांना विचारता येत नाही.

बालाघाटची सावली

सुकडीचं मी सांगते. ७२-७३ ला मी बीड जिल्ह्यात शाळकरी होते आणि आई-वडील दोघंही खडी फोडायच्या कामावर. महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर लाखो माणसं होती, १९७३ च्या उन्हाळ्यात आकडा पन्नास लाखांच्या जवळ गेला होता.

सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठात तेल-गूळ घातलेला कोरडा चुरा. वास वेगळाच यायचा, आपल्या कुठल्याच पिठाचा नाही. पोत्यांवर इंग्रजी अक्षरं आणि दोन हात एकमेकांत धरलेलं चित्र. ती पोती पुढे घरोघरी वापरली गेली, पेरणीला, सरपणाला, लहान मुलाच्या अंगाखाली. शाळेतही दुधाची पूड कालवून द्यायचे आणि ताई, तुमच्या आजींसारखंच आम्ही ती कोरडीच तोंडात टाकायचो. टाळ्याला चिकटायची ती तशीच.

काकांनी म्हटलंय पद्धत बदलली होती, ते खरं. आमच्या काळी माल अमेरिकन सरकारच्या शिल्लक साठ्यातला, पब्लिक लॉ ४८० या १९५४ च्या कायद्याखालचा असायचा. केअर तो आणायची आणि राज्य सरकारसोबत वाटायची. कोणाचं नाव नाही, गाव नाही. मुकादम हजेरीपटावरून मोजून ओंजळीत द्यायचा. माझ्या आईने कोणाला पत्र लिहावं असं काही नव्हतंच. पण एक चांगलं होतं: कामावर असलेल्या प्रत्येकीला मिळायची. पाटलाच्या सुनेलाही आणि आम्हालाही, त्याच मापाने. त्या वर्षी पाटलाची सूनही खडी फोडत होती.

आई ओंजळीतली अर्धी पदराला बांधून आमच्यासाठी घरी आणायची. कामावरच खाऊन घ्या असा नियम होता म्हणे, पण मुकादम दुसरीकडे बघायचा. तोही गावचाच होता.

वेझरकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रपाळी होती. आजी जाग्या होत्या, तेव्हा मी त्यांना जमेल तेवढं जर्मनमध्ये सांगितलं. पावतीवर सही करायची असायची म्हटल्यावर त्या उठून बसल्या. खोकं आईच्या मामांनी पाठवलं होतं, ते तरुणपणी मिलवॉकीला गेले होते, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. (काकांनी मिलवॉकी लिहिलं तो योगायोग, मी वाचून थबकले.) शाळेतल्या सुपाचंही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, शेजारचा मोठा मुलगा त्यांच्याच वर्गात होता आणि सुपाच्या रांगेत त्यांच्या पुढे असायचा. म्हणजे त्यालाही मिळत होतं. हे त्यांना आठवलं, मी सुचवलं नाही.

चरबीच्या डब्याचं अजून आठवत नाही.

काका, त्या सहीच्या पावत्या आज कुठे बघायला मिळतील का? आईची सही असलेला एकही कागद त्यांच्याकडे नाही. घर नंतर दोनदा बदललं.

भीमथडीदादा, तुमचं लिहिणंही मी आजींना सांगितलं, बंगालचं. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, ‘त्याच युद्धात?’ मी हो म्हटलं.

बालाघाटच्या ताई, दोन हातांचं चित्र आमच्याही घरी होतं. आजीने त्या पोत्याची पिशवी शिवली होती, बाजरी ठेवायला. आईला फोन करून विचारते आहे की आहे का अजून.

निवृत्त पुरवठा निरीक्षक

ताई, मिलवॉकीत जर्मन वस्ती मोठी, म्हणून ते नाव माझ्या हातून आलं. योगायोग खरा, पण फार दूरचा नाही.

पावतीचं सांगतो. केअरची जुनी कागदपत्रं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत, पण तिथे संस्थेचा कारभार दिसेल, एका घराची पावती सापडणं अवघड. सही केलेली पोच पैसे भरणाऱ्याकडे परत जायची, म्हणजे ती मामांकडे गेली. तेव्हा शोध मिलवॉकीतच घ्यावा लागेल. मामांचं आडनाव आणि ते कोणत्या चर्चला जायचे हे आजींना आठवत असेल तर तिथल्या चर्चच्या कार्यालयाला पत्र लिहा. जर्मन वस्तीतल्या जुन्या चर्चच्या नोंदी बहुधा नीट जपलेल्या असतात आणि घराण्यातलं कोणी आज तिथे असेल तर तेच सांगतील. अशा पावत्या आणि सोबतची आभाराची पत्रं लोक बायबलमध्ये किंवा फोटोंच्या डब्यात ठेवत.

तोवर आजींना आणखी एक विचारून बघा. १९४६ नंतर केअरकडे विशिष्ट नाव न देताही पैसे भरता येत, आणि ती खोकी स्थानिक मदतसंस्था गरजू घरांना देत: विधवा, निर्वासित, क्षयाचे रुग्ण. शेजारच्या घरात वडील होते का, ते कुठून आले होते, हे आजी सांगू शकल्या तर त्यांना पुढे कधी असं खोकं मिळालं असेल का, याचा अंदाज करता येईल. १९४८ च्या जूनमध्ये चलन बदललं आणि दुकानं भरली, तरी खोकी येणं थांबलं नव्हतं. म्हणून विचारताना फक्त ४७ चा हिवाळा विचारू नका, ४९-५० पर्यंतचं विचारा.